हार्ड डिस्क बंद पडली, आता काय करायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक एकाच विषयावरचे आहेत: डिस्क बंद पडली, बॅकअप नाही, घरच्या घरी काही करता येईल का? येतं, आणि बऱ्याचदा बराचसा डेटा परत मिळतो. मात्र बिघडलेल्या डिस्कमध्ये किती दम उरलाय हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे ती प्रत्येक वेळी चालू करताना त्यातून नेमकं काय साधायचंय हे आधी ठरलेलं हवं.

प्रश्न: एक टीबीची पोर्टेबल डिस्क जोडली की टक् टक् असा आवाज तीन-चार वेळा येतो आणि ती थांबते. कॉम्प्युटरला दिसत नाही. कुणी फ्रीझरमध्ये ठेवायला सांगतं, कुणी हलकेच आपटायला. काय करू?

दोन्ही करू नका.

टक् टक् हा आवाज हेडचा, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाचा असतो. तबकडी फिरायला लागली की हेड तिच्यावर आधीच कोरलेल्या खुणा शोधतं. त्या वाचता आल्या नाहीत की ते मागे जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. हेड खराब झालेलं असेल तर प्रत्येक खेपेला ते तबकडीवर घासण्याचा धोका असतो. घासलं तर तिथला चुंबकीय थरच खरवडला जातो, आणि तो डेटा मग कुठलीच प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

पण आधी एक साधी शक्यता तपासून पाहा. अडीच इंची डिस्क सुरू होताना एक अँपिअरच्या आसपास करंट खेचते. यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर, ३.० मधून ९०० मिलिअँपिअर मिळावेत असं मानक सांगतं. लांब किंवा जुनी केबल, हब, कॅबिनेटचा पुढचा पोर्ट यांमुळे करंट कमी पडला तरी डिस्क अशीच टकटक करून थांबते. म्हणून दुसरी, आखूड केबल घ्या आणि मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला थेट जोडा. एकदाच. आवाज तसाच राहिला तर लगेच काढा. घरच्या उपायांची हद्द तिथे संपली.

फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कच्या थंड तबकडीवर हवेतली वाफ धरते आणि त्या ओलाव्यावरून हेड फिरवलं जातं. आपटल्याने हेड अडकलेलं असेल तिथेच ओढलं जातं. टकटक नसून बारीक ‘टीं’ असा किंवा गुणगुणल्यासारखा आवाज येत असेल आणि तबकडी फिरतच नसेल, तर बहुधा हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटर जाम झालीय. हेही घरी सुटणारं काम नाही. झाकण उघडून बोटाने हेड सरकवण्याचे व्हिडिओ दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीपासून फक्त काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. घरातल्या हवेतला धुळीचा साधा कणही त्या फटीच्या शेकडो पट मोठा असतो.

प्रश्न: डिस्क फिरते, आवाज नेहमीसारखा आहे, पण विंडोज म्हणतं ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’. ‘चेकडिस्क’ चालवू का?

नको, निदान आत्ता तरी नको. फॉरमॅटलाही ‘नाही’ म्हणा.

हा संदेश दोन अगदी वेगळ्या दुखण्यांत येतो. एकात डिस्क ठणठणीत असते, फक्त फाइल सिस्टमची, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद बिघडलेली असते. उदाहरणार्थ, लिहिणं चालू असताना केबल उपटली. दुसऱ्यात डिस्कचे सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे छोटे कप्पे, वाचले जात नसतात आणि नेमके त्या नोंदीचेच सेक्टर त्यात सापडतात. चेकडिस्क या दोन्हींत भेद करत नाही. त्याचं काम फाइल सिस्टम सुसंगत करणं, तुमच्या फाइली वाचवणं नव्हे. न जुळणाऱ्या नोंदी ते खोडतं, तुटक्या फाइलींचे तुकडे वेगळ्या फोल्डरात टाकतं, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहितं.

आधी स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची, माहिती वाचा. विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’, लिनक्सवर ‘स्मार्टमॉनटूल्स’. दोन्ही फुकट आहेत. चार ओळी पाहायच्या. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने निर्णय लटकलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले, आणि सी७ म्हणजे केबलवरून येता-जाता बिघडलेला डेटा. ‘रॉ’ रकान्यातला आकडा बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो तो मुळात सोळाच्या पायावर दाखवतं, सेटिंगमध्ये दहाच्या पायावर करून घ्या.

सी५ आणि सी६ शून्य आणि फक्त सी७ वाढलेला असेल तर केबल बदला, कदाचित तेवढ्यावरच भागेल. सगळे शून्य असतील आणि वाचण्याचा वेगही नेहमीसारखा असेल तर दोष बहुधा नोंदीत आहे. सी५ शून्याहून जास्त असेल तर डिस्क आजारी आहे असं धरून चाला. मग फाइल एक्स्प्लोररमधून एकेक फोल्डर ओढायला बसू नका. विंडोज एकाच खराब सेक्टरवर अडून राहतं, पुन्हा पुन्हा वाचायला जातं, आणि तेवढ्यात डिस्क आणखी खालावते. पूर्ण प्रत कशी काढायची ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न: खराब सेक्टर असलेल्या डिस्कची संपूर्ण प्रत कशी काढतात? पायरीपायरीने सांगाल का?

यासाठी ग्नू प्रकल्पाचा ‘डीडीरेस्क्यू’ वापरा. साधी कॉपी करणारी साधनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ जातात आणि पहिल्या खड्ड्यात अडकतात. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडचणीचा भाग ओलांडून पुढे जातो, आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद एका नकाशा-फाइलीत ठेवतो. डिस्क मधेच दगावली तरी बरंचसं हाताशी आलेलं असतं, ते या क्रमामुळे. बिघडलेल्या डिस्कवर दुसरं कुठलंही साधन आधी चालवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जमवाजमव: एक पेन ड्राइव्ह, ज्यावर ‘सिस्टमरेस्क्यू’ हे लिनक्स टाकलेलं असेल (डीडीरेस्क्यू आणि टेस्टडिस्क दोन्ही त्यात आहेत), आणि खराब डिस्कपेक्षा मोठी, निरोगी, रिकामी डिस्क. तिच्यावर एक्स्ट४ किंवा एनटीएफएस फाइल सिस्टम असू द्या. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे प्रत तिथेच अडेल. उबुंटूत पॅकेज शोधलंत तर नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे. ‘डीडी’ आणि ‘रेस्क्यू’च्या मध्ये खालची रेघ असलेलं एक साधन वेगळंच आहे, त्याच्याशी गल्लत नको.

शक्य असेल तर खराब डिस्क कव्हरमधून काढून थेट साटा केबलने मदरबोर्डला जोडा. यूएसबीचा मधला चिप वाचनाची चूक आली की बऱ्याचदा गोठतो आणि डिस्कच गायब होते. (कव्हर उघडण्याआधी खाली यूएसबी पोर्ट तुटलेल्या कव्हरबद्दलचं उत्तर वाचा.) डिस्क सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवा आणि तिच्यावर छोटा पंखा सोडा. तापमान ५० अंशांच्या वर जाऊ लागलं तर थांबवून थंड होऊ द्या.

पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू झाला की ‘एलएसबीएलके’ कमांडने डिस्कची यादी काढा. आकार, मॉडेल आणि सीरियल नंबरचे रकाने मागून घ्या. कोणतं नाव खराब डिस्कचं आणि कोणतं चांगलीचं, ते डिस्कवरच्या लेबलशी सीरियल नंबर ताडून कागदावर लिहा. इथे उलटापालट झाली तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल. खराब डिस्क माउंट करायची नाही, म्हणजे फाइली उघडण्यासाठी सिस्टमला जोडायची नाही. फक्त चांगली डिस्क माउंट करून तिच्या फोल्डरात जा.

पहिली फेरी: डीडीरेस्क्यू, मग ‘-एन’, मग खराब डिस्कचं नाव, मग प्रत-फाइलीचं नाव, शेवटी नकाशा-फाइलीचं नाव. पर्याय लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करा, आणि सगळं याच क्रमाने: आधी कुठून, मग कुठे, मग नोंद. ‘-एन’मुळे खराब भाग कणाकणाने खरवडण्याचं काम तूर्त टळतं. शंभर एमबी प्रतिसेकंद वेग मिळाला तर एक टीबीला पावणेतीन तास लागतात. यूएसबी २.० वरून तीसेक एमबीच मिळतात, म्हणजे नऊ तास धरा.

दुसरी फेरी: तीच कमांड, तीच प्रत-फाइल, तीच नकाशा-फाइल, फक्त ‘-एन’ऐवजी ‘-डी -आर३’. ‘-डी’ने मधला कॅशे टाळून थेट सेक्टर वाचले जातात, ‘-आर३’ने राहिलेल्या भागावर आणखी तीन वेळा प्रयत्न होतो. मोठं ‘-आर’ अक्षर जोडलं तर वाचन उलट्या दिशेने होतं, आणि कधी कधी खराब पट्ट्याच्या दुसऱ्या कडेने बरंच मिळतं.

मधे थांबवायचं असेल तर कंट्रोल-सी दाबा. नंतर तीच कमांड दिली की नकाशा वाचून काम पुढे सुरू होतं. ही नकाशा-फाइल हरवली तर सगळं पहिल्यापासून, म्हणून तिची एक नक्कल अधूनमधून दुसरीकडे ठेवा.

पडद्यावर काय दिसतंय याकडे लक्ष असू द्या. चुकांचा आकडा अचानक सुसाट वाढू लागला तर ते खराब सेक्टर नव्हेत, डिस्कचं कनेक्शन तुटलंय. लगेच थांबवा, डिस्कची वीज बंद करून थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा जोडा, नाव बदललं नाही ना ते पाहा, आणि पुढच्या फेरीला मोठं ‘-ए’ जोडा. मग न तपासता ओलांडलेला भाग पुन्हा कोरा धरला जातो. वेग केबीवर येऊन तिथेच रेंगाळला, किंवा चांगला आणि वाईट भाग ठरावीक अंतराने आलटून पालटून येऊ लागला, तर अनेक हेडांपैकी एक मेल्याची ती खूण आहे. अशा वेळी चांगल्या हेडांचा भाग मिळाला की थांबा. दुसरी फेरी देऊ नका. आणि कुठल्याही टप्प्यावर टकटक सुरू झाली तर वीज काढा.

प्रश्न: प्रत-फाइल तयार झाली, पण उघडायची कशी? आणि काही भाग वाचलाच गेला नाही, तर कोणत्या फाइली बिघडल्या हे कसं कळणार?

मूळ डिस्क आता काढून बाजूला ठेवा. यापुढे सगळं प्रतीवर, आणि जागा असेल तर प्रतीच्याही नकलेवर.

आधी ती फक्त-वाचन पद्धतीने माउंट करून पाहा. अनेक लिनक्स डेस्कटॉपांत फाइलीवर उजवी क्लिक केली की ‘डिस्क इमेज माउंटर’ मिळतो. फोल्डर दिसले तर कॉपी करून घ्या. चेकडिस्क चालवायची हौस असेल तर आता नकलेवर खुशाल चालवा. बिघडलं तर नवी नक्कल काढता येते.

फोल्डर दिसले नाहीत तर ‘टेस्टडिस्क’ला प्रत-फाइल द्या. ‘अ‍ॅनलाइझ’, मग ‘क्विक सर्च’, आणि सापडलेल्या पार्टिशनवर (डिस्कच्या विभागावर) ‘पी’ दाबलं की फाइलींची यादी येते. हवं ते निवडून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. ‘राइट’ या पर्यायाला हात लावायची गरज नसते, यादी दिसली की काम झालं.

तेही जमलं नाही तर शेवटचा मार्ग ‘फोटोरेक’. तो फाइल सिस्टमकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणा शोधतो आणि तिथून पुढचं उचलतो. म्हणून नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, आणि डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेल्या मोठ्या फाइली, विशेषतः व्हिडिओ, अर्धवट निघतात. फोटोंच्या बाबतीत एक दिलासा आहे: कॅमेऱ्याने टाकलेली तारीख-वेळ फोटोच्या आतच असते. तिच्यावरून सगळे फोटो तारखेवार लावता येतात. सुरुवातीलाच फाइलींचे हवे ते प्रकार निवडा, नाहीतर प्रोग्रॅमांच्या हजारो चिल्लर फाइलींत तुमचे फोटो शोधत बसाल.

कोणत्या फाइली बिघडल्या हे शोधायची एक नामी पद्धत डीडीरेस्क्यूतच आहे, फारशी कुणी वापरत नाही. न वाचलेल्या जागी प्रतीत शून्यं असतात. ‘फिल मोड’ वापरून नकाशाच्या आधारे त्या जागा एखाद्या वेगळ्या मजकुराने भरून घ्यायच्या, उदाहरणार्थ ‘बॅडसेक्टर’ हा शब्द पुन्हा पुन्हा. हे नकलेवरच करा. मग ती माउंट करून ‘ग्रेप’ या मजकूर शोधणाऱ्या कमांडने तो शब्द ज्या फाइलींत सापडतो त्यांची यादी काढा. त्या बिघडलेल्या, बाकीच्या वाचनात तरी सुटलेल्या नाहीत. सी५ मध्ये शेकडो सेक्टर असूनही ही यादी कधी कधी दहा-बारा फाइलींची निघते.

डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कूटबद्ध करणारं कुलूप होतं का, हेही आठवून पाहा. असेल तर प्रतही कुलूपबंदच राहते आणि ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच. अनेकदा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते, तिथे आधी बघा.

प्रश्न: मोठ्या बाहेरच्या डिस्कला चुकून लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर लागला. बारीक धूर आला आणि डिस्क मेली. आशा आहे का?

आहे, आणि बरीच आहे. अशा कव्हरना १२ व्होल्ट लागतात, लॅपटॉपचे अ‍ॅडॉप्टर बहुधा १९ व्होल्टचे असतात. कधी फक्त कव्हरमधला सर्किट बोर्ड जळतो. म्हणून डिस्क बाहेर काढून कॉम्प्युटरच्या साटा केबलला जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासा.

डिस्कच्या सर्किट बोर्डवर वीज-कनेक्टरजवळ संरक्षक टीव्हीएस डायोड असतात. साडेतीन इंची डिस्कवर दोन: एक ५ व्होल्टच्या, एक १२ व्होल्टच्या वाटेवर. अडीच इंचीला ५ व्होल्टच लागतात. जादा व्होल्टेज आलं की हा डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतो. वीज पूर्ण काढून त्याच्या दोन टोकांमधला रोध मोजा, प्रोब उलटसुलट करून. दोन्ही दिशांनी जवळपास शून्य ओहम आला तर डायोड गेलाय. साटाच्या १५ पिनांच्या वीज-कनेक्टरवर ७ ते ९ या ५ व्होल्टच्या आणि १३ ते १५ या १२ व्होल्टच्या, त्यावरून कोणती वाट शॉर्ट आहे ते ठरवा.

शॉर्ट झालेला डायोड बारीक कटरने कापून किंवा सोल्डर वितळवून काढून टाकला की डिस्क बहुधा जिवंत होते, मात्र आता त्या वाटेवर संरक्षण नाही. खात्रीचा वीजपुरवठा वापरा, लगेच प्रत काढा, आणि पुन्हा ती डिस्क वापरू नका.

डायोड ठीक असूनही डिस्क गप्प असेल तर बोर्डवरचं दुसरं काही जळलंय. त्याच मॉडेलच्या डिस्कचा बोर्ड बसवून पाहायचा मोह होतो, पण आताच्या डिस्कमध्ये हेड आणि तबकड्यांची त्या-त्या डिस्कपुरती जुळणी बोर्डवरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये असते. बोर्डवर छापलेला क्रमांक तोच असायला हवा, आणि जुन्या बोर्डवरची रॉम उचलून नव्यावर बसवायला हवी. काही बोर्डांवर हा चिप वेगळा नसतोच, ती माहिती मुख्य चिपच्या पोटात असते. गरम हवेच्या सोल्डरिंगवर हात बसलेला नसेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या.

प्रश्न: कव्हरचा यूएसबी पोर्ट तुटला म्हणून आतली डिस्क काढून थेट जोडली, तर ती ‘रॉ’ (फाइल सिस्टम न ओळखलेली) किंवा कोरी दिसते. डेटा गेला का?

बहुधा गेलेला नाही. दोन कारणं संभवतात. काही कव्हरमधला चिप सगळा डेटा कूटबद्ध करूनच डिस्कवर लिहितो, तुम्ही पासवर्ड लावला नसला तरीही. तो चिप वगळला की समोर नुसता गोंधळ दिसतो. दुसरं म्हणजे काही कव्हर ५१२ बाइटच्या सेक्टरऐवजी कॉम्प्युटरला ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात, त्यामुळे थेट जोडल्यावर पार्टिशनच्या सीमा भलत्याच जागी पडतात. दोन्ही वेळा तोच बोर्ड पुन्हा चालू करणं सर्वांत सोपं: तुटलेला पोर्ट नवा सोल्डर करून घ्या, किंवा हुबेहूब त्याच मॉडेलचं कव्हर मिळवा. तोवर विंडोजने डिस्क नव्याने तयार करण्यासाठी विचारलेल्या ‘इनिशलाइझ’ला होकार देऊ नका. कित्येक पोर्टेबल डिस्कमध्ये साटा कनेक्टर नसतोच, यूएसबी पोर्ट डिस्कच्या बोर्डवरच असतो. तिथे पोर्ट बदलण्याला पर्याय नाही.

प्रश्न: एसएसडीवरून फोल्डर डिलीट झाला, रिसायकल बिनही रिकामा केला. ही साधनं चालतील?

बहुतेक वेळा नाही. डिलीट होताच ऑपरेटिंग सिस्टम एसएसडीला ‘ट्रिम’, म्हणजे या जागा आता रिकाम्या धरा, अशी सूचना देते आणि त्या जागा वाचल्या तर शून्यंच मिळतात. क्लाउडमधल्या प्रती आणि विंडोजच्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ आधी पाहा. बाहेरून यूएसबीने जोडलेल्या काही एसएसडींपर्यंत ट्रिम पोचत नाही, म्हणून तिथे फोटोरेक चालवून बघण्यात अर्थ आहे. पण आधी तो एसएसडी काढून ठेवा आणि त्यावर काही लिहू नका.

प्रश्न: डेटा मिळाला. आता पूर्ण फॉरमॅट मारल्यावर सी५ शून्य झाला. डिस्क वापरू का?

नको. लटकलेल्या सेक्टरवर नव्याने लिहिलं की डिस्क तो एकतर बदलते किंवा बरा धरते, म्हणून आकडा शून्यावर येतो. सेक्टर खराब का झाले ते कारण आत तसंच आहे.

प्रश्न: डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्यायची वेळ कधी आली समजायचं? तिथे काय विचारावं?

टकटक, न फिरणारी तबकडी, पाण्यात किंवा उंचावरून पडलेली डिस्क, आणि ज्यात हेलियम भरून सीलबंद केलेलं असतं अशी मोठ्या क्षमतेची डिस्क: यात घरी काही करायला जाऊच नका. भिजलेली डिस्क वाळवायला उन्हात किंवा तांदळात ठेवू नका, चालूही करू नका. ओलसर अवस्थेतच हवाबंद पिशवीत घालून द्या, वाळताना क्षार तबकडीवर चिकटतात.

देताना विचारा: हेड बदलायचं झालं तर डिस्क फिल्टर केलेल्या स्वच्छ हवेतच उघडता का? आधी तपासणी करून कोणत्या फाइली मिळतील याची यादी दाखवता का? काही मिळालं नाही तर किती पैसे घेता? माझी डिस्क उघडण्याआधी मला विचाराल का? आणि तुम्ही घरी काय काय केलंत ते सगळं खरं सांगा. चेकडिस्क चालवलं असेल, बोर्ड बदलला असेल, झाकण उघडलं असेल, तर त्यावरच त्यांचं पुढचं पाऊल ठरतं. डीडीरेस्क्यूची अर्धवट प्रत आणि नकाशा-फाइल असेल तर तीही सोबत द्या. जे आधीच मिळालंय ते वाचण्यात हेडचं आयुष्य पुन्हा खर्ची पडणार नाही.